तार षड्जाचा कस

ग्वाल्हेरला जाणारा मराठी माणूस किल्ला पाहतो, हजिऱ्याला तानसेनाच्या कबरीपाशी घटकाभर बसतो, लष्करातल्या एखाद्या नातलगाकडे जेवतो आणि परतीची गाडी धरतो. मीही तेच केले असते. पण ज्या काकांकडे उतरलो होतो त्यांच्या घरी नेमकी काकूंच्या मंगळसूत्राची वाटी सुटलेली होती. तिला डाक लावून घ्यायचा म्हणून काका सराफा बाजाराकडे निघाले आणि मी त्यांच्यासोबत गेलो.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीने किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. महाराज बाड्यापासून जवळच हा सराफा. दोन्ही बाजूंना दगडी कोरीव कामाची जुनी घरे, वर गवाक्षे, खाली पेढ्या. पेढीवर वाटी ठेवून काका मला मागच्या गल्लीत घेऊन गेले. तिथे एका अंधाऱ्या खोलीत एक वृद्ध कारागीर काम करीत बसला होता. आता बहुतेकांकडे गॅसची बत्ती आली आहे. हा मात्र अजून दिव्यापुढे फुंकनळी धरून बसणारा. त्याने नळी ओठांत धरली, दिव्याची ज्योत आडवी झाली, सुईसारखी बारीक आणि निळसर झाली, आणि त्या सुईचे टोक बरोबर सांध्यावर जाऊन टेकले. मी घड्याळ पाहिले नाही. पण फुंकर बराच वेळ चालली, आणि त्या साऱ्या वेळात ती एकदाही मोडली नाही. गाल भरलेले, नाकाने श्वास आत येतो आहे, गालांतली हवा बाहेर जाते आहे, आणि ज्योत जिथल्या तिथे. जोराने फुंकले असते तर ज्योत विझली असती, नाहीतर सोने वितळून दागिना हातचा गेला असता.

काका हळूच म्हणाले, "बघितलंस? ह्याला दम म्हणतात. जोर वेगळा, दम वेगळा. आमच्या इथले जुने गवई हेच सांगायचे."

रसिक वाचकहो, या लेखाचे निमित्त एवढेच. तार सप्तकातला स्वर ताकदीने आणि तरीही ताब्यात राहून कसा लागतो, आणि तो तसा लागला की नाही हे आपण परीक्षक, समीक्षक आणि श्रोते कशावरून ठरवतो, या प्रश्नाने मला बरीच वर्षे छळले आहे. त्याचे उत्तर जोर आणि दम या दोन शब्दांच्या मधे कुठेतरी आहे असे मला वाटते.

ग्वाल्हेर घराण्याची एक कथा आपल्याकडे प्रत्येक संगीतप्रेमी घरात कधी ना कधी सांगितली जाते. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ हे दोघे भाऊ शिंदे दरबाराचे गवई. बडे महंमद खाँ यांच्याशी लागलेल्या चढाओढीत हस्सू खाँनी मियाँमल्हारात 'कडक बिजली'ची अवघड तान घेतली. दुसऱ्यांदा घेताना छातीत काही तुटले, तोंडातून रक्त आले. आजोबा नत्थन पीरबक्ष समोर बसलेले. त्यांनी रक्त पुसायला लावले आणि तान पुरी करूनच थांबायला सांगितले. त्याच दुखण्यात हस्सू खाँ गेले, असे कथा म्हणते. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, आणि बदलणारच, कारण ही दंतकथा आहे. पण दंतकथेलाही परिणाम असतो. गाण्यातली ताकद म्हणजे रक्त ओकेपर्यंत ताणलेला गळा, अशी एक प्रतिमा या कथेने आपल्या मनात पक्की करून ठेवली आहे. कथेतला मृत्यू आपण विसरतो आणि शौर्य लक्षात ठेवतो.

आश्चर्य असे की ज्या घराण्याच्या नावावर ही कथा सांगितली जाते, त्या घराण्याचे प्रत्यक्ष गाणे तिच्या नेमके उलट बोलते.

ग्वाल्हेर गायकीची मांडणी पाहा. या घराण्यात ख्यालाची स्थायी आणि अंतरा दोन्ही आरंभीच पूर्ण म्हणण्याचा आग्रह असतो. अंतरा म्हटला की तार षड्ज आलाच. म्हणजे मैफल सुरू होऊन काही मिनिटे होतात न होतात तोच गवई वरच्या 'सा'वर उभा असतो, आणि तेही आकारात मोकळा नव्हे, बंदिशीचे शब्द तोंडात घेऊन. गळा तापलेला नाही, श्रोते सरसावून बसलेले नाहीत, टाळीची वाट पाहण्यासारखी वेळ नाही. हा तार षड्ज बंदिशीच्या घरातला वरचा मजला आहे. तिथे जायचे, काम करायचे आणि समेला खाली यायचे. टप्प्यात तर या स्वरावर बसायलाही फुरसत नाही, स्पर्श करून पुढे धावायचे. सपाट तानेत तो एका लांब घसरणीचा केवळ आरंभ असतो.

याउलट किराणा पद्धतीची बढत घ्या. तिथे एकेक स्वर उलगडत, कधी अर्धा तास खर्चून, गवई तार षड्जाशी येतो आणि तो स्वर लागताच सगळी मैफल उजळते. हा शिखराचा तार षड्ज. आपल्या धारवाड-गदग पट्ट्याने या शिखराची भव्यता भीमसेन जोशींच्या गळ्यातून मनमुराद ऐकली आहे. या दोहोंत श्रेष्ठ-कनिष्ठ करण्याचे मला कारण दिसत नाही. गदगहून गाण्याच्या ओढीने पळालेला तो मुलगा काही काळ ग्वाल्हेरलाच शिकत होता, हेही विसरू नये. माझे म्हणणे एवढेच की शिखर ऐकता ऐकता आपण मजला ऐकायला विसरलो. तार षड्ज म्हणजे गाण्याचा शेवट, जिंकण्याची जागा, असा आपला समज झाला आणि तिथून गडबड सुरू झाली.

गळ्यात नेमके काय घडते, ते थोडक्यात पाहू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या मध्य षड्जाला स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात, तार षड्जाला त्याच्या दुप्पट, म्हणजे २७७ वेळा. ही दुप्पट साधायची तर स्वरतंतू लांबवून ताणावे लागतात, आणि त्यासाठी स्वरयंत्रात वेगळे स्नायू आहेत. मात्र उंचीला एक चोरवाटही आहे. खालून हवेचा दाब वाढवला तरी स्वर थोडा चढतो. रागाने ओरडणाऱ्याचा आवाज चढतो तो असाच. नवशिका गवई ही चोरवाट धरतो. ताणण्याचे काम कच्चे राहिलेले असते, ते तो दाबाने भरून काढू पाहतो. मग स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, स्वर कर्कश होतो, कधी चढा लागतो, हनुवटी वर जाते, मानेच्या शिरा फुगतात. ऐकणाऱ्याला वाटते, काय ताकद आहे!

कसलेल्या गळ्यात ही दोन कामे वेगळी झालेली असतात. उंचीचे काम ताण करतो, आवाजाच्या भराचे काम श्वास करतो. ती वेगळी झाली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. तार षड्ज अगदी बारीक लावावा, तो जागचा न हलता भरत न्यावा आणि पुन्हा तसाच बारीक करीत आणावा. इटलीतले जुने गायनशिक्षक या अभ्यासाला 'मेसा दी वोचे' म्हणत आणि गळ्याची खरी कसोटी मानीत. आपल्याकडे पहाटेच्या खर्जसाधनेत आणि लांब आकारात तेच शिकवले जाते, फक्त खालच्या अंगाने. खर्जाने तार सप्तक कसे सुधारते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. खर्जात दाब देऊन काहीच मिळत नाही, उलट स्वर फाटतो. म्हणून तिथे गळा सैल ठेवून श्वास जपून सोडण्याची सवय लागते, आणि तीच सवय वर उपयोगी पडते. त्या कारागिराच्या फुंकनळीची हीच विद्या.

आणखी एक गोष्ट तोंडाच्या पोकळीची. स्वर स्वरतंतूंत जन्मतो, पण त्याला भर येतो तो घसा आणि तोंड यांच्या पोकळीत. ही पोकळी प्रत्येक अक्षराला आपला आकार बदलते. 'ई' म्हणताना तिचा पहिला अनुनाद सेकंदाला सुमारे ३०० कंपनांपाशी असतो, 'आ' म्हणताना तो कितीतरी वर जातो. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा तार षड्ज ४१५ कंपनांचा. म्हणजे तो स्वर 'ई'च्या पोकळीला ओलांडून पुढे गेलेला असतो आणि हट्टाने शुद्ध 'ई' धरली की आवाज चेपतो. म्हणूनच जाणत्या गायिका वरच्या स्वरावर 'ई'ला किंचित 'ए'कडे झुकवतात, जबडा सैल सोडतात. आपण त्याला कधी उच्चारदोष म्हणतो. ती तर तिची अक्कल असते. ग्वाल्हेरचा खुल्या आकाराचा आग्रह केवळ रुचीचा नाही, तो या पोकळीच्या हिशोबालाही धरून आहे. शिवाय माणसाचा कान सेकंदाला २००० ते ४००० कंपनांच्या पट्ट्यात विशेष तीक्ष्ण असतो. ज्या आवाजात त्या पट्ट्यातली झळाळी असते तो कमी जोरातही दूरवर पोचतो. दूर जाणारा आवाज मोठाच असतो असे नाही.

याचा पुरावा आपल्याच मुलखात आहे. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना विष्णुपंत छत्र्यांनी सांभाळले. छत्रे स्वतः हद्दू खाँचे शिष्य आणि सर्कशीचे मालक. रहिमतखाँचा अखेरचा काळ कुरुंदवाडला गेला आणि १९२२ साली ते तिथेच वारले. त्याआधी थोडीच वर्षे, १९२० च्या सुमारास, त्यांच्या काही तबकड्या निघाल्या. तो जमाना कर्ण्याचा. विजेवरचा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला तो १९२५ नंतर. कर्ण्यात तोंड घालून, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांत गायचे. साठी केव्हाच ओलांडलेला हा माणूस त्या तबकड्यांत वरचे स्वर असे लावतो की जणू ते तिथे आधीपासूनच होते, याने फक्त बोट दाखवले. आवाज बारीक, सरळ, कुठे धक्का नाही. भैरवीतली ठुमरी ऐकताना ताकदीचा विचारही मनात येत नाही. तबकडी संपल्यावर लक्षात येते, की इतक्या खरखरीतून शंभर वर्षांनंतरही एकेक स्वर जागेवर ऐकू आला.

ग्वाल्हेरहून ही विद्या आपल्याकडे आली ती पायपिटीने आली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी मिरज-इचलकरंजीकडे घेऊन आले. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेत त्यांचेच शिष्य झाले. सावंतवाडी संस्थानात जन्मलेले रामकृष्णबुवा वझे निसार हुसेन खाँकडे ग्वाल्हेरला पोचले, आणि पुढे त्यांचे नाव बेळगावशी जोडले गेले. वझेबुवांची तालीम केशवराव भोसले आणि दीनानाथ मंगेशकर यांच्यापर्यंत गेली आणि तिथे या कहाणीला वेगळे वळण लागले.

नाटक मंडळींचा तो काळ आठवा. ध्वनिवर्धक नाही, पिटातला शेवटचा श्रोता लांब बसलेला, आणि त्याच्याही कानी पद पोचले पाहिजे. म्हणून पट्टी उंच घ्यायची. १९२१ च्या ८ जुलैला मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमान'च्या आठवणी सांगणारे केशवरावांच्या चढ्या, धारदार आवाजाचे वर्णन करताना थकत नाहीत. दीनानाथांच्या गळ्यातली चमक तर दंतकथाच झाली. त्यांना ती उंची गरजेची होती आणि त्यांच्याकडे तिच्यासाठी घेतलेली तालीम होती. पुढे ध्वनिवर्धक आला आणि गरज संपली. आम्ही मात्र उंची तशीच ठेवली. तालीम तेवढी सुटली. आजही आपल्या नाट्यगीत स्पर्धांत मुले त्या पट्टीशी झुंजतात, समोर ध्वनिक्षेपक असताना झुंजतात. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांनी तर तार स्वरावर कोण किती वेळ टिकला याचा खेळच करून टाकला.

इथे मला स्वतःबद्दल लिहिले पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी सीमाभागातल्या एका गावी नाट्यगीत स्पर्धेला मी परीक्षक होतो. एका विशीतल्या मुलाने शेवटचा तार षड्ज असा लावला की मंडप टाळ्यांनी दणाणला. मानेच्या शिरा टरारलेल्या, चेहरा लाल. त्याच्या आधी एक मुलगी गायली होती. तिचा तार षड्ज लहान होता, पण तो सोडून ती मध्य सप्तकात उतरली ते एखाद्या पायरीवरून पाऊल टाकावे तशी. मी पहिला क्रमांक मुलाला दिला. एवढ्यावर भागले नाही. वृत्तांत लिहिताना मी त्याच्या आवाजाला 'कडक बिजली' म्हटले. त्या शब्दावर मी खूष होतो.

त्या मुलाने ते कात्रण जपून ठेवले, आणि पट्टी आणखी चढवली. दोन वर्षांनी त्याचा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी असल्याचे सांगितले आणि मौन पाळायला लावले. बोलण्यापुरता आवाज सावरला. त्या पट्टीत तो पुन्हा गायला नाही. मला हे कळले तेव्हा मी त्याला भेटायला गेलो. त्याने चहा दिला, तक्रारीचा एक शब्द काढला नाही. निघताना फक्त म्हणाला, "सर, त्या दिवशी खाली उतरताना माझा आवाज हलला होता. तुम्हांला ऐकू आलं नव्हतं का?"

ऐकू आले होते. मी ते लिहिले नव्हते.

समीक्षकाच्या शब्दाने कुणाचा गळा बिघडतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे, हे मी जाणतो. पण आपण कशाची दखल घेतो त्यावरून नवा गाणारा काय साधायचे ते ठरवतो. आपल्या परीक्षणांत 'तार षड्जावर दीर्घकाळ स्थिरावून' हे वाक्य ठरलेले असते. तिथून परतताना काय झाले, निषाद-धैवत जागेवर लागले का, शब्द शाबूत राहिले का, पुढच्या आवर्तनात दम उरला होता का, याविषयी आपण गप्प असतो. सोन्याची लकाकी सांगायची आणि कसोटीवरची रेघ पाहायचीच नाही, असा हा सराफा आहे.

कुमार गंधर्वांचे उदाहरण डोळ्यांपुढे असताना तरी आपण असे करू नये. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा गायक बा. र. देवधरांचा शिष्य. देवधर विष्णू दिगंबरांच्या परंपरेतले, आणि आवाजाच्या साधनेचा शास्त्रीय अंगाने विचार करणारे गुरू. क्षयाच्या दीर्घ आजाराने कुमारांच्या फुफ्फुसाची मोठी हानी झाली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत आले तेव्हा लांबलचक श्वासाचे गाणे त्यांना उपलब्धच नव्हते. त्यांचे तुकडे लहान झाले, आणि त्या लहान तुकड्यांच्या मधून अचानक एखादा तार स्वर बारीक, जवळजवळ कुजबुजल्यासारखा उमटे आणि सबंध सभागृह त्याच्याकडे वळे. तिथे जोर नव्हता, जोराला लागणारे भांडवलच नव्हते. पण जेवढा श्वास होता त्याचा कणही वाया जात नव्हता. ताकद याला म्हणायचे नाही तर कशाला?

दुसऱ्या बाजूला ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित. १८९३ चा जन्म, १९८९ साली निधन. म्हणजे जवळजवळ शतकाचा साक्षीदार. त्यांचे गाणे कुजबुजीचे मुळीच नव्हते. खुला, दणकट आवाज, एका सप्तकातून दुसऱ्यात झेपावणाऱ्या ताना. नाजूकपणाच्या चाहत्यांना ते कधी रांगडेही वाटते. म्हणजे दम असला की गाणे हळुवारच होते असे नाही. पण त्यांची उतारवयातली ध्वनिमुद्रणे ऐकावीत. आवाज थकलेला आहे, झेप थकलेली नाही. वर गेलेली तान जिथे उतरायची तिथेच उतरते. जो गळा तारुण्यात ओरबाडला गेला असता, त्याच्याकडे त्या वयात वर जायला काही उरलेच नसते.

पुढच्या वर्षी आपल्या भागातल्या स्पर्धांचे संयोजक गुणपत्रिका छापतील तेव्हा माझी एक साधी विनंती आहे. तार सप्तकासाठी वेगळे गुण ठेवू नयेत. त्याऐवजी उतरण्याला ठेवावेत. स्पर्धकाची पट्टी त्याच्या गळ्याला पाहून ठरू द्यावी. मूळ गायकाच्या तबकडीची पट्टी सक्तीची करू नये. आणि परीक्षकाने कान उघडे ठेवावेतच, डोळेही ठेवावेत. शिरा टरारलेल्या दिसल्या की टाळी थोडी आवरावी.

सराफ्यातल्या त्या खोलीत वाटीला डाक लागला तेव्हा कारागिराने फुंकनळी खाली ठेवली, वाटी पाण्यात टाकली आणि काकांच्या हातात दिली. काकांनी ती उजेडात धरून सांधा शोधला. तो सापडला नाही. पैसे देताना त्यांनी त्याला विचारले, "भाई, इतका वेळ फुंकून थकत नाही का?" तो हसला आणि गालावर बोट टेकवून म्हणाला, "जोर लगाऊँ तो थकूँ."

त्या मुलाला, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाला, मी हे अजून सांगितलेले नाही. तो सध्या त्याच्या गावच्या भजनी मंडळात गातो, खालच्या पट्टीत. गेल्या एकादशीला मी मागे बसून ऐकले. अंतऱ्याला तो वरच्या 'सा'वर गेला, क्षणभर थांबला आणि खाली आला. आवाज हलला नाही.